शोधांचं जाळं मोजायचं तर आधी तारीख ठरवा

अमेरिकन पेटंट क्रमांक २९८१८७७, ३०२५५८९ आणि ३१३८७४३. पहिलं रॉबर्ट नॉइसचं, दुसरं जाँ हर्नीचं, तिसरं जॅक किल्बीचं. इंटिग्रेटेड सर्किटचा, म्हणजे चिपचा, जन्म याच तिघांभोवती फिरतो. मंजुरीच्या तारखांनी क्रम लावला तर नॉइस एप्रिल १९६१, हर्नी मार्च १९६२ आणि किल्बी जून १९६४. आता अर्ज कधी दाखल झाले ते बघा: किल्बी ६ फेब्रुवारी १९५९, हर्नी १ मे १९५९, नॉइस ३० जुलै १९५९. क्रम नेमका उलटा.

हा नुसता कागदी घोळ म्हणून सोडून देता येत नाही. हर्नीच्या प्लेनर पद्धतीत सिलिकॉनवर वाढवलेला ऑक्साइडचा थर काढून न टाकता तसाच ठेवतात, आणि नॉइसच्या चिपमध्ये जोडणीच्या धातूच्या पट्ट्या त्याच थरावरून जातात. नॉइसचा शोध हर्नीच्या शोधावर उभा आहे. पण शोधांचं जाळं (पेटंटं हे ठिपके, नव्या पेटंटात जुन्याचा उल्लेख हा दुवा) मंजुरीच्या तारखेवर उभारलंत तर तो हर्नीच्या अकरा महिने आधी जन्मतो, आणि ज्याचा अर्ज सगळ्यात आधी आला तो किल्बी शेपटाला जातो. तिघांतल्या प्रत्येकाचं ‘वय’ चुकतं. आणि वय हेच तर वाढीच्या प्रत्येक समीकरणात बसलेलं असतं.

तंत्रज्ञान जोडण्यांतून वाढतं, जुने भाग नव्या भागांत शिरतात, लोकप्रिय शोधांकडे आणखी शोध ओढले जातात हे सगळं ढोबळमानाने खरं आहे. पण किती आणि कधीपासून, हे आकड्यात सांगायची वेळ आली की उत्तर तीन निवडींवर ठरतं: तारीख कोणती, दुवा कशाला म्हणायचं आणि वर्गीकरण कुठल्या सालचं. या निवडी बहुतेक जण नकळत करून मोकळे होतात, म्हणून इथे त्यांच्यावरच जास्त वेळ घालवतो.

तारीख

सर्वांत आधीची प्राधान्य तारीख घ्या, म्हणजे त्या शोधाचा जगात कुठेही पहिला अर्ज ज्या दिवशी पडला तो दिवस. ती नसेल तर अर्जाची तारीख. मंजुरीची तारीख फक्त ‘हा दस्तऐवज लोकांना कधी दिसला’ या प्रश्नासाठी ठेवा, आणि तिथेही एक गोम आहे. अमेरिकेत २९ नोव्हेंबर २००० पासून दाखल झालेले बहुतेक अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्याआधीचे मंजुरीपर्यंत बंद पाकिटात असत. त्यामुळे ज्ञान पसरायला किती वेळ लागतो याचा आलेख काढला तर २००१-०२ च्या सुमारास तो अचानक बदलतो. त्यात शोधकांचा वेग वाढलेला नसतो, कायदा बदललेला असतो.

अमेरिकन पेटंटाच्या पहिल्या पानावर सायटेशनपुढे, म्हणजे आधीच्या पेटंटाच्या उल्लेखापुढे, फक्त महिना आणि साल छापतात. कच्च्या फायलींत दिवसाच्या जागी ‘००’ सापडतो आणि तारीख वाचणारा प्रोग्रॅम ती ओळ गुपचूप गाळतो. सायटेशनच्या ओळीतली तारीख वापरूच नका. उद्धृत पेटंटाचा क्रमांक घ्या आणि तारीख त्याच्या स्वतःच्या नोंदीतून उचला. क्रमांक जुळवतानाही सुरुवातीची शून्यं, स्वल्पविराम आणि डिझाइन, वनस्पती किंवा पुनर्मंजूर पेटंटांपुढची अक्षरं यांवर लक्ष ठेवा. अक्षर गळलं की डिझाइन पेटंट एखाद्या एकोणिसाव्या शतकातल्या यंत्राच्या नावावर जमा होतं.

दुवा

सायटेशन म्हणजे प्रेरणा, असं धरून चालणं ही या विषयातली सर्वांत जुनी खोड. अमेरिकेत अर्जदाराला आपल्याला माहीत असलेलं सगळं संबंधित आधीचं तंत्र उघड करावं लागतं, नाहीतर पेटंटच धोक्यात येतं. म्हणून वकील हात सैल सोडून यादी देतात. दुसरीकडे पेटंट कार्यालयाचे परीक्षक स्वतः शोध घेऊन भर घालतात. २००१ पासून अमेरिकन पेटंटांवर परीक्षकाने घातलेली सायटेशनं वेगळी दाखवली जातात, आणि त्यावर अल्कासेर आणि गिटलमन यांनी २००६ मध्ये केलेली मोजणी डोळे उघडणारी आहे: सरासरी पेटंटातली ६३ टक्के सायटेशनं परीक्षकाची, आणि ४० टक्के पेटंटांत तर सगळीच्या सगळी परीक्षकाची. शोधकाने ती कागदपत्रं कधी पाहिलीही नसतील.

मग परीक्षकाची सायटेशनं फेकून द्यायची का? प्रश्न कोणता यावर आहे. ‘कोण कोणाकडून शिकलं’ असा असेल तर ती बाजूला काढा. ‘कोणतं तंत्र कशाच्या जवळचं’ असा असेल तर परीक्षकाचीच जास्त विश्वासार्ह, कारण त्यांना यादी फुगवण्यात काही स्वारस्य नसतं. युरोपीय पेटंट कार्यालयाचे शोध-अहवाल यासाठी मला जास्त आवडतात. त्यात सायटेशनं मोजकीच असतात आणि प्रत्येकापुढे अक्षर असतं. ‘एक्स’ म्हणजे हा एकटा दस्तऐवज पेटंटाच्या दाव्याला (नवं म्हणून जे मागितलंय त्याला) आडवा येतो. ‘ए’ म्हणजे नुसती पार्श्वभूमी. आणि ‘वाय’ म्हणजे हा दुसऱ्या एखाद्या दस्तऐवजाशी जोडला तर दावा उघडउघड सुचण्यासारखा ठरतो. जोडणीतून शोध होतो म्हणणाऱ्यांसाठी ‘वाय’ म्हणजे आयतं घबाड आहे: कोणत्या दोन गोष्टी जोडल्या गेल्या हे तज्ज्ञ माणसाने लिहून ठेवलेलं असतं. तरी त्याचा वापर फारसा दिसत नाही.

एकाच कुटुंबातली पेटंटं हा पुढचा सापळा. एकाच शोधाचे अर्ज वेगवेगळ्या देशांत जातात, अमेरिकेत एकाच मूळ वर्णनावरून पुढचे अर्ज निघत राहतात, आणि प्रत्येकाबरोबर तीच यादी जाते. शंभर सायटेशनांच्या यादीचे दहा भाऊ झाले की हजार दुवे तयार, शोध एकच. म्हणून आधी कुटुंबांचा एकेक नोड (जाळ्यातला ठिपका) करा, कुटुंबाच्या आतले दुवे काढा, मग मोजा. यानंतरही कंपनीची स्वतःची सायटेशनं उरतात. कॅननच्या बबल-जेट छपाईच्या ४७२३१२९ या पेटंटाचा उल्लेख त्याच कंपनीच्या पुढच्या कितीतरी अर्जांत ठरीव परिच्छेदासारखा येतो. तो शोध मोठा आहेच, पण त्याचा सायटेशनांचा आकडा आणि त्याचा बाहेरच्यांवरचा प्रभाव ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन रकाने ठेवा: स्वतःची आणि परक्यांची.

सायटेशनांचं जाळं कागदावर एकाच दिशेने जातं, नव्याकडून जुन्याकडे, त्यामुळे त्यात चक्र असू नये. प्रत्यक्षात चक्रं सापडतात, कारण एकाच वेळी प्रलंबित असलेले अर्ज एकमेकांचा उल्लेख करतात. कुटुंबं एकवटल्यावर तर ती आणखी वाढतात. चक्रातले सगळे नोड एकत्र करून एक नोड करणं हा स्वच्छ उपाय. तारखेवरून एखादा दुवा तोडणं सोपं, पण कोणता तोडला याची नोंद ठेवा, कारण पुढे मुख्य मार्ग, म्हणजे ज्ञान ज्या वाटेने सर्वांत जास्त वाहिलं ती वाट, शोधताना ती लागते.

आणि डेटाची डावी कड, म्हणजे तो जिथून सुरू होतो ती जागा. अमेरिकन पेटंटांवर सायटेशनं छापायला १९४७ मध्ये सुरुवात झाली, त्याआधीच्या पेटंटांना मागे जाणारे दुवेच नाहीत. संगणकाने वाचता येईल असा पूर्ण मजकूर तर साधारण १९७६ पासूनचा. संशोधकांत सर्वाधिक फिरलेल्या संचात १९७५ ते १९९९ मधली सायटेशनं आहेत: ३७,७४,७६८ पेटंटं आणि १,६५,१८,९४८ दुवे. यातली १९७५ पूर्वीची पेटंटं नुसती लक्ष्य म्हणून येतात, त्यांच्यातून एकही दुवा निघत नाही.

जोडण्या

पेटंट कार्यालय प्रत्येक पेटंटाला तंत्राच्या प्रकारानुसार वर्गीकरणाचे कोड लावतं; ते कोड शोधाच्या घटकांची यादी म्हणून वापरायची पद्धत आहे. यून, स्ट्रम्स्की, बेटेनकोर्ट आणि लोबो यांनी १७९० ते २०१० मधली अमेरिकन पेटंटं अशी तपासली. साधारण १८७० पर्यंत नवे कोड पेटंटांच्या बरोबरीने वाढत होते. त्यानंतर नव्या कोडांचा वेग मंदावला, पण कोडांच्या नव्या जोडण्या मात्र पेटंटांच्या प्रमाणात येतच राहिल्या. ७७ टक्के पेटंटांना दोन किंवा अधिक कोड आहेत. म्हणजे गेलं दीड शतक तंत्रज्ञान मुख्यतः असलेल्या घटकांची फेरजुळणी करत वाढलं.

निष्कर्ष मला पटतो, पण त्यात एक पाचर आहे. कोड मागाहून लावले जातात. वर्गीकरण बदललं की जुन्या पेटंटांनाही नवे कोड चिकटतात. सध्याची युरोप-अमेरिकेची संयुक्त वर्गीकरण पद्धत, सीपीसी, १ जानेवारी २०१३ पासूनची. २०२३ पासून अर्धवाहक उपकरणं ‘एच०१एल’ मधून ‘एच१०’ या नव्या वर्गात हलवायला सुरुवात झाली. मंजुरीवेळचे कोड वापरले तर या स्थलांतरानंतर जवळजवळ प्रत्येक चिप ‘कधी न झालेली जोडणी’ म्हणून मिरवते. आजचे कोड वापरले तर १९७० च्या दशकातल्या पेटंटावर २०२३ चा कोड बसतो आणि त्या काळच्या माणसाला जे वेगळं वाटत होतं ते एकाच खणात पडतं. दोन्हींत दोष आहे. जोडण्या मोजायच्या असतील तर आजचे कोड घ्या, निदान सगळीकडे एकच मोजपट्टी तरी लागते. मंजुरीवेळचे कोड फक्त ‘परीक्षकाला तेव्हा काय दिसलं’ यासाठी.

सीपीसीमधला ‘वाय’ विभाग (शोध-अहवालातलं ‘वाय’ नव्हे) आधीच काढून टाका. हवामानाशी संबंधित ‘वाय०२’ सारख्या खुणा वरून लावलेल्या असतात, त्या ठेवल्या तर बॅटरी, पवनचक्की आणि सिमेंट सगळे एकमेकांचे नातेवाईक होतात. २००० च्या पुढच्या आकड्यांचे निर्देशक कोडही तसेच. उरलेल्या कोडांसाठी पहिली चार अक्षरं, म्हणजे उपवर्ग, ही पातळी पुरते. अगदी शेवटच्या पातळीवर सुमारे अडीच लाख खण आहेत आणि तिथे प्रत्येक जोडी नवीनच निघते.

जोडी ‘अनपेक्षित’ आहे का हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. एकाच सालातल्या पेटंटांमध्ये कोडांची अदलाबदल करा, पण प्रत्येक पेटंटाच्या कोडांची संख्या आणि प्रत्येक कोडाची त्या सालची एकूण हजेरी कायम ठेवून. असं निदान शंभर वेळा करा. जोडीची खरी संख्या वजा या फेरफारांतली सरासरी, भागिले त्यांचं प्रमाण विचलन. उत्तर बरंच ऋण आलं तर ती जोडी खरोखर विरळा. साल न जपता अदलाबदल केली तर १९८० च्या पेटंटात यांत्रिक शिक्षणाचा कोड जाऊन बसतो आणि सगळंच अनपेक्षित ठरतं.

नवेपणा कसा येतो याचं छोटं प्रतिमान घरच्या संगणकावर दहा ओळींत चालतं. त्रिया, लोरेतो, सेर्वेदियो आणि स्ट्रोगॅट्झ यांनी २०१४ मध्ये ते मांडलं. एका भांड्यात रंगीत चेंडू. एक काढा, परत टाका, वर त्याच रंगाचे चार जादा टाका. तो रंग पहिल्यांदाच निघाला असेल तर कधीच नसलेल्या तीन नव्या रंगांचे चेंडूही टाका. या आकड्यांना घातांक निम्मा येतो: उचल चौपट केली की वेगवेगळ्या रंगांची संख्या साधारण दुप्पट होते. घातांकाचं सूत्र म्हणजे नव्या रंगांच्या संख्येतून एक वजा करायचं आणि जादा प्रतींनी भागायचं, इथे दोन भागिले चार. हे प्रमाण एकाच्या वर गेलं की नवे रंग सरळ रेषेत वाढतात. पहिल्या काही हजार उचलींवर घातांक बसवू नका, सुरुवातीच्या रंगांची संख्या तिथे ढवळाढवळ करते.

ब्रायन आर्थर आणि वोल्फगांग पोलाक यांचा २००६ चा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो, कारण त्यात घटकांना काम असतं. सुरुवात एकट्या ‘नँड’ गेटने, म्हणजे एका प्राथमिक तर्क-सर्किटाने. प्रोग्रॅम असलेले तुकडे आंधळेपणाने जोडतो आणि आधी दिलेल्या गरजांपैकी एखादी भागली, किंवा जुनीच गरज स्वस्तात भागली, तर ते सर्किट पुढच्या जोडणीसाठी कोठारात जातं. अशाने प्रयोगाच्या काही पुनरावृत्तींत आठ बिटांची बेरीज करणारं सर्किटही तयार झालं. त्याला १६ आत आणि ९ बाहेर अशा तारा लागतात, म्हणजे शक्य फलनं दोनाच्या ५,८९,८२४ व्या घाताइतकी, दशमानात एकावर पावणेदोन लाखांहून जास्त शून्यं. नुसत्या नशिबाने ते सापडणं अशक्यच. ते सापडलं कारण वाटेत छोट्या गरजा होत्या आणि त्यांची सर्किटं जपली गेली होती. मधल्या गरजा काढून घेतल्यावर मोठी सर्किटं आली नाहीत. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते: एखादं सर्किट जास्त कार्यक्षम सर्किटाने हटवलं की त्याच्या आधाराने जगणारी इतर सर्किटंही गळत. काही पडझडी इवल्या, काही प्रचंड.

वाढीचे नियम, आणि ते खोटे कधी पडतात

पेटंटांचं जाळं वाढताना घट्टही होतं. लेस्कोव्हेक, क्लाइनबर्ग आणि फालूत्सोस यांनी २००५ मध्ये दुवे आणि नोड यांच्यातला घातांक १.६६ काढला. नोड दुप्पट झाले की दुवे तिपटीहून थोडे जास्त. यातला काही भाग डाव्या कडेमुळे असू शकतो: सुरुवातीच्या पेटंटांचे मागचे दुवे डेटाबाहेर पडतात. त्यांनी तो तपासला आणि घट्ट होणं तरीही उरलं. तुमच्या संचावर हाच प्रयोग करा: पहिली दहा वर्षं नोड म्हणून न मोजता फक्त लक्ष्य म्हणून ठेवा.

‘ज्याच्याकडे जास्त, त्याला आणखी’ हा नियम डेरेक प्राइसने १९७६ मध्ये शास्त्रीय निबंधांसाठी मांडला. पेटंटांवर तो तपासताना लोक शेवटचं वितरण (किती पेटंटांना किती सायटेशनं) घेऊन दोन्ही अक्षांवर लॉग लावतात आणि पट्टीने रेघ ओढतात. असं करू नका. एक तर शेपटीत मोजकेच बिंदू असतात. शिवाय तसलंच वितरण इतर यंत्रणांतूनही येतं. आकर्षण थेट मोजा: ज्या क्षणी सायटेशन पडलं त्या क्षणी लक्ष्याकडे किती सायटेशनं होती ते लिहा, आणि त्या क्षणी तेवढीच सायटेशनं असलेली किती पेटंटं बाजारात होती त्याने भागा. जाळं वाढतं तसा भाजकही वाढतो, म्हणून पाच-पाच वर्षांच्या तुकड्यांत मोजा. वयाचा रकाना वेगळा ठेवलाच पाहिजे. स्ट्रँडबर्ग, चार्दी, एर्दी आणि सहकाऱ्यांनी अशी मोजणी केली तेव्हा आकर्षणाचा घातांक एकाहून थोडा वर निघाला. वय नसतं तर अशा जाळ्यात शेवटी एकच पेटंट सगळं गिळून बसलं असतं. वयानुसार आकर्षण घटतं, म्हणून ते होत नाही.

‘विघटन निर्देशांक’, म्हणजे एखादं पेटंट जुन्याला किती बाजूला सारतं याचं माप, हा गेल्या काही वर्षांतला लाडका आकडा. पुढची पेटंटं फक्त तुमच्या पेटंटाचा उल्लेख करतात, त्याचा आणि त्याच्या पूर्वजांचाही (त्याने उद्धृत केलेल्या पेटंटांचाही) करतात, की फक्त पूर्वजांचा? पहिल्यांतून दुसरे वजा, भागिले तिन्हींची बेरीज. समजा सहा, दोन, दोन: उत्तर ०.४. आता त्या पेटंटाचे सगळे पूर्वज १९६० च्या दशकातले आहेत आणि तुमचा संच १९७६ पासून सुरू होतो. पूर्वज गायब होतात, दुसऱ्या गटातले दोन पहिल्या गटात जातात, तिसरा गट नाहीसा होतो. आठ भागिले आठ, उत्तर १. पेटंट तेच, पण संपूर्ण क्रांतिकारक. संचाच्या सुरुवातीला अशी पेटंटं जास्त आणि पुढे कमी होत जातात, मग आलेख आपोआप उतरतो. २०२३ मध्ये ३९ लाख पेटंटांवरून नवेपणा घटत असल्याचा निष्कर्ष गाजला, आणि त्यावरची एक मुख्य टीका याच धाटणीची होती: ज्यांना मागचे दुवे नाहीत अशा नोंदी. उपाय सोपा आहे. शून्य मागचे दुवे असलेले नोड वगळा, दुव्यांची संख्या जपून जाळ्याची फेरजुळणी करा आणि तिच्यातही उतार दिसतो का ते बघा.

मुख्य मार्ग शोधायचा तर हमन आणि डोरियन यांची १९८९ ची पद्धत अजून चालते. बाण जुन्याकडून नव्याकडे फिरवून घ्या, ज्ञान त्या दिशेने वाहतं. प्रत्येक दुव्यासाठी, उगमांपासून तिथपर्यंतच्या वाटा गुणिले तिथून शेवटापर्यंतच्या वाटा. दोन उगम एका नोडला मिळतात, तो पुढच्याला, आणि तिथून दोन शेवट फुटतात: मधल्या दुव्याचं वजन चार, बाकी प्रत्येकाचं दोन. मोठ्या जाळ्यात ही संख्या ६४ बिटांत मावत नाही आणि काही भाषांत ती न सांगता ऋण होते, तेव्हा लॉग वापरा. प्रत्येक पायरीला सर्वांत जड दुवा पकडत गेलं तर चांगला फाटा हातातून निसटतो. त्याऐवजी सर्वांत जड दहा-वीस दुवे निवडा आणि प्रत्येकापासून मागे-पुढे जा.

उजवी कड, म्हणजे डेटाचा शेवट, शेवटी बघायची, पण कापायची सगळ्यात आधी. पाच वर्षांत मिळालेली सायटेशनं मोजताय तर डेटा उतरवलेल्या दिवसापासून पाच वर्षं मागे जाऊन पुरत नाही. उद्धृत करणारे अर्ज १८ महिने बंद असतात, आणि तुम्ही फक्त मंजूर पेटंटं धरत असाल तर त्या १८ महिन्यांऐवजी मंजुरीला लागणारी दोन-तीन वर्षं मिळवा. साधारण आठ वर्षं. त्यानंतरचे नोड उगम म्हणून ठेवा, त्यांच्यातून मागे जाणारे दुवे कामाचे आहेत, पण त्यांना पुढे काय मिळालं हा रकाना रिकामा ठेवा. तिथे शून्य लिहू नका.